आधी सुई बघा

आमच्या लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर गेले काही महिने एक अफवा आहे, की माझ्या खोलीत डीजे आहे. फिरत फिरत ती रेक्टर मॅडमपर्यंत पोचली आणि एका रविवारी मॅडम स्वतः इन्स्पेक्शनला हजर! टेबलावर कडप्प्याची लादी, लादीखाली अर्धे कापलेले टेनिस बॉल, लादीवर एक जड काळी पेटी आणि पेटीवर गोल थाळी.

"हे काय गं?"

"मॅडम, टर्नटेबल."

"म्हणजे?"

"म्हणजे... रेकॉर्ड प्लेअर."

मॅडमचा चेहरा एकदम बदलला. "अगं, आमच्याकडे होता!" असं म्हणत त्या चक्क माझ्या कॉटवर बसल्या. पुढचा अर्धा तास आम्ही एक एलपी ऐकली. जाताना "दहानंतर आवाज नको" एवढंच म्हणाल्या. सबमिशनच्या आठवड्यात एवढी माया मी कुणाकडूनच अनुभवली नव्हती!

तर मंडळी, हा लेख त्या पेटीबद्दल आहे. "फोनवर अख्खी दुनिया फुकट वाजत असताना हा उद्योग कशाला?" असं दिवसातून एकदा तरी कुणीतरी मला विचारतं. व्हायनलचा आवाज 'उबदार' असतो वगैरे ठेवणीतलं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते खरं नाही. खरं उत्तर असं, की मी एक रेकॉर्ड खराब केली. जिची दुसरी प्रत कुठल्याही बाजारात मिळाली तरी ती 'ती' नसेल, अशी. त्यानंतर जे शिकले ते आधी शिकले असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

सांगलीला आजीच्या घरी माजघरात एक लाकडी कपाट आहे. त्यात आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, साठेक एलपी. आबांचा प्लेअर माझ्या जन्माच्या आधीच बंद पडला होता आणि आबाही आता नाहीत. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या साडीत गुंडाळलेली, ७८ ची एकच तबकडी आहे. बालगंधर्वांच्या नाट्यपदाची. ती मात्र आबांची नाही, आजीची. तिच्या वडिलांनी घेतलेली. माहेरचं घर पुढे विकलं गेलं, भांडीकुंडी भावाबहिणींत वाटली गेली आणि आजीच्या वाट्याला ही तबकडी आली. आजीने ती निदान तीस वर्षं ऐकलेली नव्हती.

फर्स्ट इयरच्या सुट्टीत, वाढदिवसाच्या पैशांतून मी एक प्लेअर ऑनलाइन मागवला. सुटकेससारखा, आकाशी रंगाचा, आतच स्पीकर, ३३, ४५ आणि ७८ असे तीन स्पीड. दिसायला इतका गोड, की बास! आबांची एक एलपी लावली. वाजली. आजी हातातलं निवडणं सोडून आली, खुर्चीत बसली. मी हवेत! मग साडीतली तबकडी काढली, स्पीड ७८ वर केला आणि सुई टेकवली.

खर्रर्रर्र... तव्यावर फोडणी जळतेय असा आवाज. त्याच्या मागे कुठेतरी लांब, गोणपाटातून आल्यासारखं गाणं. सुई मध्येच घसरून पुढे जात होती.

मी निदान केलं: रेकॉर्ड घाण झालीय. एका व्हिडिओत एलपी साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी वापरलेलं पाहिलं होतं. घरात औषधांच्या डब्यात सर्जिकल स्पिरिट होतं. कापसाचा बोळा भिजवला आणि बाहेरच्या कडेकडून गोल गोल पुसायला लागले. कापूस काळा झाला. मला आनंद! केवढी घाण निघतेय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. बोटभर रुंदीचा पट्टा पुसून झाल्यावर उजेडात धरून बघितलं. पुसलेल्या भागाची चमक गेली होती. तिथे सगळं मातकट आणि चिकट झालं होतं. घाण नव्हती ती. रेकॉर्डच निघून येत होती.

आजीने तबकडी हातात घेतली, तिरकी करून बघितली. "जाऊ दे गं. जुनीच होती," म्हणाली आणि पुन्हा साडीत गुंडाळून आत ठेवून आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी नेहमीसारखं जेवायला वाढलं तिने, मला आवडते म्हणून भरल्या वांग्याची भाजी केली होती. मला एक घास गिळवेना.

होस्टेलला परत आल्यावर शोध सुरू केला. ७८ च्या तबकड्या बनायच्या शेलॅकच्या. शेलॅक म्हणजे लाख. माझ्या कॉन्व्हेंटी डोक्यात 'लाख' म्हणजे एकावर पाच शून्यं! किड्यापासून मिळणारी ही लाख, त्यात दगडाची बारीक पूड आणि काळ्या रंगासाठी काजळी. आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच लाकडाला पॉलिश करतात. म्हणजे जे आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना माहीत होतं, ते बारावीच्या केमिस्ट्रीत भरपूर मार्क मिळवलेल्या मला माहीत नव्हतं. एलपीची गोष्ट वेगळी. कोलंबियाने १९४८ साली अमेरिकेत आणलेली ३३⅓ आरपीएमची एलपी बनते व्हायनलची, म्हणजे मुख्यतः पीव्हीसीची. तिला पातळ केलेलं अल्कोहोल चालून जातं. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, दोन्हींच्या मध्ये भोक... पण मटेरियल सायन्स पार वेगळं.

यापेक्षा मोठा धक्का पुढे होता. ती खरखर मुळात घाणीची नव्हतीच. निदान बरीचशी तरी नव्हती. ती सुईची होती!

एलपीची खाच अगदी बारीक असते. तिच्यासाठीच्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन. ७८ ची खाच कितीतरी रुंद. तिला लागते सुमारे ७५ मायक्रॉनची सुई, म्हणजे चौपट जाड. एलपीची सुई ७८ च्या खाचेत टाकली की ती भिंतींना नीट टेकतच नाही, तळाशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांची धूळ आणि ओरखडे वाचत राहते. मोठ्या नाल्यात मांजराचं पिल्लू सोडावं, तसं. माझ्या आकाशी सुटकेसवर ७८ चा स्पीड होता, पण ७८ ची सुई नव्हती. स्पीड असला म्हणजे सोय असते, असं मी धरून चालले होते. दोष सुईचा होता आणि मी शिक्षा दिली रेकॉर्डला.

मग ठरवलं, की पुन्हा घ्यायचं तर नीट अभ्यास करून घ्यायचं. सेकंड इयरनंतरच्या इंटर्नशिपचा स्टायपेंड होता, गोव्याची ट्रिप रद्द केली (मैत्रिणी अजून ऐकवतात) आणि शोधाशोध सुरू केली. जे समजलं ते तुमच्यासाठी थोडक्यात.

आधी प्लेअर. सुटकेसवाल्या बहुतेक प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. पिझो क्रिस्टलसारखं काम करतं, सिग्नल दणदणीत देतं, म्हणून सर्किट स्वस्तात होतं. पण ते ताठर असतं आणि त्याला वजन जास्त लागतं, पाच-सहा ग्रॅम. शिवाय ते वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. त्याच्या वरचा टप्पा म्हणजे बटण दाबलं की हात आपोआप उठणारे बेल्ट ड्राइव्ह प्लेअर. एलपीपुरते छान, पण त्यांतल्या बऱ्याच जणांत ७८ चा स्पीड नसतो आणि कार्ट्रिजही बदलता येत नाही. तिसरा पर्याय जुन्या बाजारातले जपानी प्लेअर. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी दोन चकरा मारल्या. सुंदर वस्तू दिसतात, पण बेल्ट वितळून डांबर झालेला, हेडशेल गायब, सुई तुटकी. दुरुस्ती येत असेल तरच त्या वाटेला जा. तिथेच पितळी कर्ण्याचे 'अँटिक' ग्रामोफोनही बघितले. त्यांतले बरेचसे नवेच जुळवलेले असतात, शोभेपुरते. त्यांच्या जाड पोलादी सुईखाली एलपी चुकूनही ठेवू नका. ७८ च्या काळात दर बाजूला सुई बदलायची पद्धत होती. तबकडीतली दगडाची पूड सुईला घासून खाचेच्या आकाराची करायची, म्हणजे पहिल्या काही वेढ्यांत सुईच झिजायची! तो हिशोब व्हायनलला लागू नाही. तिथे झिजेल ती रेकॉर्ड.

मी घेतला डायरेक्ट ड्राइव्ह, सेकंड हँड. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोटरच्या दांड्यावरच थाळी, मध्ये पट्टा नाही. ही कल्पना टेक्निक्सने १९७० च्या सुमारास बाजारात आणली आणि १९७२ च्या एसएल-१२०० ने ती जगभरच्या डीजे लोकांच्या हातात गेली. म्हणजे होस्टेलमधली अफवा अगदीच निराधार नाही! माझ्या पेटीत तीन स्पीड आहेत, वजन ग्रॅमच्या दशांशात बदलता येतं आणि हेडशेल काढता येतं. मला एवढंच हवं होतं.

आता कार्ट्रिज. खरा जीव तिथे असतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात बारीक दांडीच्या एका टोकाला हिरा, दुसऱ्या टोकाला इवलंसं चुंबक आणि बाजूला तारेची वेटोळी. हिरा खाचेत थरथरतो, चुंबक हलतं, वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेचा नियम, बस्स! सिग्नल फक्त तीन ते पाच मिलिव्होल्ट. मूव्हिंग कॉइल प्रकारात चुंबक स्थिर आणि वेटोळी हलतात. सिग्नल त्याहून कमी, किंमत जास्त, आणि सुई झिजली की बहुधा घरी बदलता येत नाही. आपल्यासारख्यांनी त्या भानगडीत पडू नये.

मी घेतलं ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम-९५ई. कारण अगदी मध्यमवर्गीय आहे. या मालिकेत कार्ट्रिजचा मुख्य भाग तोच राहतो आणि पुढची सुई तेवढी खेचून बदलता येते. एलपीसाठी लंबगोल टोकाची, वजन दोन ग्रॅम. आणि त्याच भागावर ७८ साठी जाड टोकाची वेगळी सुई बसते, तिला वजन पाच ग्रॅम. एक कार्ट्रिज, दोन सुया. आजीचं काम आणि माझं बजेट, दोन्ही त्यात बसलं.

फोनो प्रीअॅम्पबद्दल एक सूचना. टर्नटेबल थेट साध्या ऑक्झिलरीत जोडला तर आवाज मरतुकडा आणि चिरका येतो, मग लोक कार्ट्रिजला शिव्या घालतात. एलपी कोरताना बास मुद्दाम कमी करतात आणि ट्रेबल वाढवतात, म्हणजे खाच जास्त रुंद होत नाही आणि सुरसुरही दबते. वाजवताना हे उलटं करावं लागतं. त्यासाठीचा आरआयएए कर्व्ह १९५४ पासून सर्वमान्य झाला. २० हर्ट्झला साधारण २० डीबी वर, २० किलोहर्ट्झला साधारण तेवढंच खाली. हे काम फोनो प्रीअॅम्प करतो. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो. मागे स्विच आहे का बघा, आणि बाहेरचाही जोडून दोनदा प्रीअॅम्प करू नका.

आता आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी खास. टोनआर्म आणि सुई मिळून चक्क स्प्रिंग-मास सिस्टिम होते. वायव्हाला आपण जे घोकतो तेच. आर्मचं इफेक्टिव्ह मास अधिक कार्ट्रिज आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये घ्या, सुईची कंप्लायन्स मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमध्ये, दोन्हींचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ ला भागा. नॅचरल फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये मिळते. समजा एकूण १९ ग्रॅम आणि कंप्लायन्स १०. उत्तर साधारण साडेअकरा हर्ट्झ. ती ८ ते १२ च्या आसपास असावी. खाली रेकॉर्डच्या वाकडेपणाचे हेलकावे असतात, वर २० पासून संगीत सुरू होतं. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत रेझोनन्स बसवायचा. डायनॅमिक्सच्या पेपरात हे गणित मी रडत सोडवलं होतं. इथे मात्र तीनदा करून बघितलं, तेही हौसेने!

जुळणी करायला एक अख्खा शनिवार गेला. आधी वर्कशॉपमधून आणलेल्या स्पिरिट लेव्हलने पेटी समपातळीत आणली. (हे स्पिरिट मात्र उपयोगाचं निघालं.) मग हेडशेलच्या चार तारा. पांढरी डावा, निळी डाव्याची ग्राउंड, लाल उजवा, हिरवी उजव्याची ग्राउंड. चिमट्याने, श्वास रोखून. मग कार्ट्रिजचा कोन. टोनआर्म एका टोकाला खिळलेला असल्याने सुई कंसात फिरते, पण खाच कोरणारं यंत्र सरळ रेषेत चालतं. त्यामुळे कोन पूर्ण बरोबर फक्त दोन ठिकाणी येऊ शकतो. बायरवाल्डच्या १९४१ च्या गणितावरून नेहमी वापरले जाणारे हे दोन बिंदू केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. मी ऑटोकॅडमध्ये प्रोट्रॅक्टर काढून प्रिंट मारला. झेरॉक्सवाल्याने 'फिट टू पेज' करून दिला, म्हणजे सगळी मापं चुकली. प्रिंटवर आधी फूटपट्टी लावा, हा माझा सल्ला फुकट घ्या.

वजनासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आणला. आधी मागचं वजन फिरवून आर्म तराजूसारखा अधांतरी तरंगू द्यायचा, तो शून्य. मग पुढे सरकवत नेऊन काट्यावर दोन ग्रॅम. काट्याची थाळी स्टीलची असेल तर सावध! कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं, जवळ आलं की ते ओढलं जातं आणि सुई खटकन आपटते. मी वर प्लॅस्टिकचं झाकण ठेवलं. दोन ग्रॅम म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण समजा हिरा खाचेला फक्त ५० चौरस मायक्रॉन जागेत टेकतो. भागाकार करा. दर चौरस सेंटिमीटरला चार टनांच्या आसपास दाब! हे बघून माझ्या लक्षात आलं, की सुटकेसच्या पाच-सहा ग्रॅमखाली आबांच्या एलपीचं काय होत असेल. आणि याचा अर्थ वजन कमीत कमी ठेवा असाही नाही. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते, आणि ते जास्त वाईट. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या मध्यावर राहावं. मग अँटी-स्केटिंग, कारण घर्षणाने आर्म केंद्राकडे ओढला जातो. तो आकडा साधारण वजनाएवढाच ठेवला.

स्पीड तपासायला होस्टेलच्या कॉरिडॉरमधली जुनी चोकवाली ट्यूबलाइट कामाला आली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लखलखते. कागदी चकतीवर १८० रेघा काढल्या, की ३३⅓ वर त्या स्थिर उभ्या दिसतात. ७८ साठी ७७ रेघा, आणि उत्तर येतं ७७.९२. अपूर्णांकात रेघ काढता येत नाही ना! रात्री अकराला आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावून फिरत्या कागदाकडे टक लावून बसलो होतो. मेसचे काका पाण्याचा कॅन घेऊन आले, बघून गेले, काही बोलले नाहीत.

देखभालीचं म्हणाल तर फार नाही, पण नेमाने करायची. दर बाजूआधी सुईवरून मऊ ब्रश मागून पुढे, एकाच दिशेने. आडवा किंवा उलटा फिरवला तर दांडी वाकते. फिरत्या एलपीवर कार्बन फायबरचा ब्रश हलकेच टेकवायचा. खाचांना बोट लावायचं नाही, कडा आणि लेबल धरायचं. एलपी धुवायची तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून, नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून, उभी वाळवून. ७८ ला फक्त ओलसर फडकं आणि लगेच कोरडं, अल्कोहोल कधीच नाही. (हे वाक्य मी होस्टेलच्या दारावर रंगवायला तयार आहे.) रेकॉर्ड्स उभ्या ठेवायच्या, एकावर एक नाही, आणि पावसाळ्यात कव्हरला बुरशी आली का बघत राहायचं. सुईचे तास वहीत लिहा. साधी सुई काहीशे तास चालते, मग आवाज चिरका होतो, आणि तोपर्यंत तिने रेकॉर्डही खरवडलेली असते. राहता राहिली टेनिस बॉलची भानगड. रूममेट कॉटवरून उडी मारते तेव्हा सुईही उडी मारते. रूममेट बदलता येत नाही, म्हणून लादी आणि बॉल.

दिवाळीच्या सुट्टीत पेटी सांगलीला नेली. थाळी काढून, मागचं वजन काढून, आर्म बांधून, सुईला टोपी घालून. एसटीत सहा तास थाळी माझ्या मांडीवर होती, चादरीत गुंडाळलेली. शेजारच्या मावशींनी "पुरणाचा तवा का गं?" असं विचारलं. मी हो म्हणाले.

आजी म्हणाली, "पुन्हा तो खेळ आणलास?" पण साडी सोडून तबकडी तिनेच बाहेर काढली. मी जाड सुई लावली, काट्यावर पाच ग्रॅम केले. आमच्या ई अँड टीसीच्या एका सीनियरने डावा आणि उजवा जोडणारी वायर करून दिली होती. ७८ ची खाच मोनो, तिच्यात सुई फक्त आडवी हलते. दोन्ही चॅनल जोडले की उभ्या दिशेची खरखर आपसात कटते. एवढं सगळं करून मी सुई खाली सोडली.

बाहेरच्या बोटभर पट्ट्यात, जिथे मी स्पिरिट लावलं होतं, तिथे नुसता खसखस आवाज होता. मला माहीतच होतं तसं होणार. तरी मी खाली मान घालून बसले. पाऊण मिनिट होतं ते, पण संपेना.

आणि त्या खरखरीवर आजी गुणगुणायला लागली. अगदी बारीक आवाजात, डोळे मिटून. पदाची सुरुवात. तिला ती पाठ होती. तिच्या वडिलांसमोर बसून ऐकलेली, ठेक्यासकट. मग सुई माझ्या पट्ट्याच्या पलीकडे गेली आणि आतून बालगंधर्वांचा आवाज आला. गोणपाटातून नाही, समोरून. आजी थांबली नाही. दोन ओळी त्यांच्याबरोबर म्हणाली, मग गप्प बसून ऐकत राहिली. तीन मिनिटांत बाजू संपली, सुई मधल्या खाचेत टकटक करत राहिली, आणि मला आर्म उचलायचंही सुचेना.

"सुरुवात गेली आजी," मी म्हणाले.

"सुरुवात मला येते की," आजी म्हणाली. "पुढचं विसरले होते." मग जरा वेळाने, "आता दुसरी बाजू लाव. तिला स्पिरिट नाही ना लावलंस?"

नव्हतं लावलं!

त्या रात्री मी फोनवर दोन्ही बाजू मोनोमध्ये उतरवून घेतल्या. पट्ट्यातलं पाऊण मिनिट कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही. तेवढ्या भागासाठी मी आजीचं गुणगुणणं वेगळं रेकॉर्ड केलं आहे.

तर कुणाच्या घरी माळ्यावर रेकॉर्ड्स पडल्या असतील तर सुट्टीत खाली काढा. काढल्यावर वाजवायची घाई करू नका. लाखेची की व्हायनलची ते बघा, स्पीड बघा आणि मग सुई बघा. आवाज खराब आला तर रेकॉर्डला दोष देण्याआधी पुन्हा एकदा सुई बघा. पाच ग्रॅमचा काटा हवा असेल तर रूम नंबर २१७. दहाच्या आत या, मॅडमना शब्द दिलाय.